गोम्याच्या बातमीत रवांडा कुठे गेला?

महोदय,

काँगोवरील आपल्या बातमीत रवांडाच्या सीमेवरचे गोमा शहर बंडखोरांच्या हाती पडण्याचे कारण 'टोळ्यांमधील जुने वैर' असे एका ओळीत दिले आहे. ते वाचून राहवले नाही. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तुकडीत मी गोम्यात होतो.

वैर नाही असे नाही. पण त्याला पैसा आणि बंदुका पुरवणारे हात नेहमी बाहेरचे. ३० जून १९६० ला देश स्वतंत्र झाला आणि अकराव्या दिवशी तांब्याचा कटांगा प्रांत फुटून निघाला. तिथल्या बेल्जियन खाणकंपनीने कर देशाच्या सरकारऐवजी फुटिरांच्या तिजोरीत भरला. जानेवारी १९६१ मध्ये देशाचे पहिले, पदावरून हटवलेले पंतप्रधान लुमुम्बांना गोळ्या घातल्या, तेव्हा बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते. प्रेत आम्लात विरघळवले. एका बेल्जियन पोलिसाने ठेवून घेतलेला दात तेवढा उरला. तो घरच्यांच्या हाती पडायला २०२२ उजाडले! पुढे हुकूमशहा मोबुटूंची बत्तीस वर्षे. ते कम्युनिस्टांच्या विरोधात आहेत, एवढ्यावर अमेरिकेने त्यांना सांभाळले.

गोम्याचे रस्ते लाव्हाच्या काळ्या दगडांचे. त्यावरून पोरे चुकुडू हाकतात. चुकुडू म्हणजे लाकडी दुचाकी, ना पेडल ना सीट. फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायाने रेटायची, पुढे कोळशाची पोती. आमची गाडी दिसली की हीच पोरे 'मोनुस्को, बिस्किट!' ओरडत धावायची. मोनुस्को म्हणजे आमची शांतिसेना. २० नोव्हेंबरला एम-२३ चे बंडखोर शहरात शिरले आणि आम्ही बघत राहिलो. (आम्ही निळ्या टोपीवालेही बाहेरचेच, हे कबूल.) त्या आठवड्यात एकही पोर बिस्किट मागायला आले नाही.

या बंडखोरांमागे शेजारचा रवांडा आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी लिहून ठेवले. रवांडा नाकारतो. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्याच रवांडाशी खनिजांचा करार केला. जानेवारी २०२५ मध्ये गोमा पुन्हा पडले. २७ जूनला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडा यांनी शांतता करारावर सह्या केल्या. एम-२३ त्यात नव्हते, आणि गोमा त्यांच्याच ताब्यात होते.

पुढची बातमी छापताना टोळ्यांच्या जोडीला निदान रवांडाचे नाव तरी घालावे, ही विनंती.

– एक निवृत्त सुभेदार