पावती मागा, अंगठा जपा

संपादक महोदय,

लाडकी बहीण योजनेचे पैसे 14 हजारांहून अधिक पुरुषांनी उचलल्याचे उघड झाले, तेव्हापासून गावोगावी 'बोगस लाभार्थी' शोधणे सुरू झाले आहे. राग रास्त आहे. पण तो बहुतेकदा शेजारच्या घरावर निघतो आणि रेशन दुकानातली चोरी तशीच चालू राहते, याचे फार वाईट वाटते.

ही चोरी ओळखणे अवघड नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर 35 किलो धान्य मिळते, तेही जानेवारी 2023 पासून मोफत. चार माणसांचे 20 किलो झाले पाहिजेत. पिशवीत 16 किलो भरले आणि 'घट येते' असे सांगितले, तर ती घट नव्हे. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा घेऊन 'धान्य पुढच्या आठवड्यात' म्हणणे, रोल संपला म्हणून पावती न देणे, ही तर ठरलेली लक्षणे. अंगठा लागला की सरकारदरबारी तुमची उचल झाली. महा ईपॉस संकेतस्थळावर कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकून कोणत्या महिन्यात किती उचल दाखवली आहे ते पाहता येते. मृत माणसाच्या किंवा सासरी गेलेल्या मुलीच्या नावावर धान्य निघते आहे का, तेही तपासावे.

तक्रार 1967 किंवा 1800-22-4950 या क्रमांकांवर करता येते. तरीही तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुकान क्रमांक, तारीख, पावतीवरचे वजन आणि हातात पडलेले वजन एवढे लिहिले तरी पुरे.

शेजाऱ्याबद्दल संशय असेल तरी वाट हीच. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकू नये. दारातली मोटारसायकल कर्जाची असू शकते. शिवाय प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण उत्पन्न मर्यादा वर्षाला 44 हजार आहे. रोज 300 रुपये मिळवणारा मजूर दीडशे दिवसांतच ती ओलांडतो. अशा माणसाला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लोक तक्रार करत नाहीत, कारण पुढच्या महिन्यात त्याच दुकानदारापुढे पिशवी धरायची असते. म्हणून तक्रारदाराचे नाव दुकानापर्यंत पोहोचता कामा नये. रेशन दुकानावर देखरेखीसाठी अन्न सुरक्षा कायद्याने सांगितलेल्या दक्षता समितीच्या सदस्यांची नावे प्रत्येक दुकानाच्या फलकावर लावावीत आणि तिच्या बैठकीची तारीख ग्रामपंचायतीने आधी जाहीर करावी, ही पुरवठा विभागाकडे कळकळीची मागणी आहे.

— एक वाचक, जि. सोलापूर