बाबांना पुन्हा पांदणीच्या शेतवाटेला लावणाऱ्या काकूंचे आभार

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

शेजाऱ्यांमध्ये आभार मानण्याची पद्धत नाही, आणि समोर बोलायला आले तर आपण "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलाल. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितले होते. वावर मक्त्याने दिलेले आणि बैलजोडी विकलेली, त्यामुळे सारा जन्म वरुडकडच्या संत्राबागेत आणि कपाशीत घालवलेल्या या माणसाला नुसते फिरायला म्हणून घराबाहेर पडणे पटत नव्हते, आणि आम्ही कितीही विनवले तरी ते ओसरीवरच्या खाटेवरून उठत नव्हते. आपण त्यांना "फिरायला चला" असे एकदाही म्हटले नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी कुंपणापलीकडून "भाऊजी, नाल्यावरचे आवळे पिकले, पण माहा हात नाही पुरत," एवढेच म्हणालात, आणि बाबा काठी व पिशवी घेऊन निघाले. शेतकऱ्याला पाऊल उचलायला काम लागते, हे आपण ओळखलेत.

त्या आवळ्यांची कँडी आपण आमच्याच स्वयंपाकघरात करवून घेतली. किलोभर आवळे दहाएक मिनिटे वाफवले, की अंगावरच्या रेषांवर ते आपोआप उकलतात आणि बी सहज सुटते. मग त्या पाकळ्यांवर 700 ग्रॅम साखर पसरून पातेल्याला कापड बांधून ठेवायचे. पाण्याचा थेंबही न घालता दुसऱ्या दिवशी साखरेचा पाक झालेला असतो, कारण साखर फळातलेच पाणी ओढून घेते. पाकळ्या आधी पाकावर तरंगतात आणि साखर आत मुरत जाते तशा जड होऊन तळाशी बसतात. हे आपण दाखवल्यापासून बाबा रोज उठल्याबरोबर कापड बाजूला सारून पातेल्यात डोकावत, आणि पाकळ्या पूर्ण बसल्या की त्या निथळून ताटांत पसरण्याचे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. आपल्याकडची थंडी कोरडी असल्याने दोन-तीन दिवसांत त्या वाळतात, फक्त संध्याकाळी दव पडण्याआधी ताटे आत घ्यावी लागतात. उरलेल्या पाकाचे सरबत होते, तेही आपणच सांगितलेत.

पुढे हिवाळ्यात तोडीला येणाऱ्या आंबिया बहराच्या संत्र्यांची साले आली. पाणी बदलून दोनदा उकळल्यावर त्यांचा कडवटपणा जातो आणि पाकात ती काचेसारखी पारदर्शक होतात. एरवी ही साले उकिरड्यावर जात असत, पण माझ्या मते आवळ्याहूनही तीच अधिक चवदार लागतात.

खरी किमया मात्र वाटेवर झाली. आवळ्यांसाठी निघालेले बाबा धुईतून (धुक्यातून) पांदणीने जाताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबू लागले. कोणाच्या तुरीच्या शेंगा भरल्या, कोणाच्या कपाशीची वेचणी राहिली, हे घरी येऊन सांगू लागले. एकदा हरभऱ्यातून आल्यावर त्यांचे धोतर पोटऱ्यांपर्यंत आंबेने, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाने, भिजले होते, आणि ती आंबट ओल त्यांनी बोटाने चाखून नातवालाही चाखवली. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या तोंडून पिकाविषयी इतके बोलणे मी प्रथमच ऐकत होते. आता संत्र्याची तोड सुरू असली की ते त्या बागेपर्यंत जाऊन येतात, आणि काठी पुष्कळदा नातवाच्या हातात असते.

काकू, औषधे आम्ही आणू शकलो, पण त्यांना वावराची ओढ परत लावणे आम्हाला साधले नव्हते. ते आपण साधलेत, आणि तेही त्यांचा मान राखून, याबद्दल आमचे सारे घर आपले अत्यंत ऋणी आहे.

एक विनंती आहे. गावरान बोरे याच रीतीने साखरेत मुरवता येतील का, असे बाबांच्या मनात आहे, परंतु आपल्याला विचारायला ते संकोचतात. कोणत्या धुऱ्यावरची बोरी गोड आहे, हे त्यांनी आधीच पाहून ठेवले आहे. आपण उद्या सकाळी कुंपणाशी आलात तर तेवढे त्यांना सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शेजारच्या घरची लेक