कापल्याशिवाय पटकथा होत नाही

संपादक महोदय,

कादंबरीवर चित्रपट आला की ‘अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र उडवले’ ही तक्रार पुण्यात हमखास ऐकू येते. ती पुस्तकावरच्या प्रेमापोटी असते, म्हणूनच तिला नीट उत्तर मिळायला हवे.

पहिली अडचण वेळेची. पटकथेचे एक पान पडद्यावर ढोबळमानाने एक मिनिट घेते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला साधारण १२० पाने. कादंबरीत ८० प्रसंग असतील आणि सगळेच ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते आणि एकही मुरत नाही. म्हणून पटकथाकार प्रसंगांची यादी करून प्रत्येकापुढे विचारतो, यामुळे पुढे काय घडते? एकच काम करणारे दोन काका असतील तर त्यांचा एक काका होतो. घात होतो तोही इथेच. सुरुवातीला गाळलेली मावशी शेवटी पैसे देणार असते. ती नसली की ते पैसे कुठून आले, हेच प्रेक्षकाला कळत नाही.

खरी कसोटी मनातल्या गोष्टींची. ‘त्याला अपराधी वाटत होते’ हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. मग तो भरल्या ताटावरून उठतो, वडिलांचे पत्र न फोडताच खिशात घालतो. असे काही पुस्तकात नसले तरी नव्याने लिहावेच लागते. ते सुचले नाही की निवेदकाचा आवाज येतो आणि दिसतेच आहे ते पुन्हा सांगत बसतो. पुस्तकातले संवादही जसेच्या तसे चालत नाहीत. वाचताना गोड लागणारे चार ओळींचे वाक्य नटाच्या तोंडात अडकते.

‘सिंहासन’ (१९७९) पाहा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा बांधली. तिथे कापाकाप अटळ होती. पण सत्तेचा खेळ जवळून बघणारा पत्रकार दिगू हा धागा हातचा सुटला नाही, म्हणून चित्रपट विस्कटला नाही.

गल्ल्याच्या भीतीने शोकान्त शेवट गोड करणे किंवा गावाची बोली पुसून टाकणे, हे मात्र माध्यमाच्या गरजेपोटी होत नाही. त्यावर कडक टीका व्हावीच.

आपल्या समीक्षकांना एक विनंती आहे. परीक्षण ‘मूळ पुस्तकात असे नाही’ एवढ्यावर थांबवू नये. गाळलेला भाग पुस्तकात कोणते काम करत होता आणि चित्रपटात ते काम कशावर सोपवले आहे, हेही लिहावे.

— पटकथालेखनाचा एक अभ्यासक, सदाशिव पेठ, पुणे