पुतळ्याखाली चार ओळी नीट लिहा

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नाईक यशवंत घाडगे (व्हिक्टोरिया क्रॉस) यांचे माणगावचे स्मारक व जन्मगाव पाहायला येणाऱ्यांची सोय

महोदय,

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगाव-आग्रेवाडी हे यशवंत घाडगे यांचे गाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यातून लढताना त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाले. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, मृत्यू १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. वय अवघे बावीस. देहाचा ठावठिकाणा लागला नाही. त्यामुळे रोमच्या दक्षिणेला, कॅसिनोच्या युद्ध दफनभूमीतल्या स्मारकावर कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत, त्यांतच त्यांचे नाव. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारले. इकडे माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात पुतळा आहे.

आमची मागणी कोटीच्या सभागृहाची नाही. येणाऱ्याला वाट सापडावी आणि परत जाताना या माणसाने केले काय ते कळावे, एवढेच म्हणणे आहे.

आधी वाटेचे. नकाशावर नुसते ‘पळसगाव’ शोधले की चंद्रपूर जिल्ह्यातलीही पळसगावे पुढे येतात. म्हणून फलकावर, पत्रिकेत आणि संकेतस्थळावर ‘पळसगाव-आग्रेवाडी, ता. माणगाव, जि. रायगड’ असेच पूर्ण लिहावे, आणि नकाशावरची खूण वाडीच्या फाट्यावर ठेवावी, घरावर नव्हे. घर ही राहती जागा आहे. ओसरीपर्यंत बस नेऊन ‘दर्शन’ घडवणारी सहल कोणालाच नको असते. वाडीत अरुंद रस्त्यावर मोठी गाडी शिरली की वळवायलाच जागा उरत नाही. गाडी फाट्यावर थांबेल आणि गावाची माहिती तिथेच वाचता येईल, अशी सोय पुरे.

मुंबईकडून येणारा महामार्ग ६६ ने किंवा कोकण रेल्वेने माणगावला उतरतो, पुण्याकडून येणारा ताम्हिणी-निजामपूरमार्गे. पर्यटनस्थळाचा तपकिरी फलक दोन्ही रस्त्यांवर हवा आणि तो फाट्याच्या अलीकडे हवा. पुढे निघून गेलेला माणूस फलक पाहून मागे फिरत नाही.

आता दिवसांचे. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि लोक फिरायला निघतात ते शनिवार-रविवारी. पुतळा कार्यालयाच्या आवारात असल्यावर सुट्टीच्या दिवशी फाटक कोण उघडणार, याचा लेखी आदेश लागतो. पहारेकऱ्याच्या मर्जीवर ते सोडू नये. स्मृतिदिन जुलैत, म्हणजे ऐन पावसात येतो. त्याच सुमारास ताम्हिणीत धबधब्यांसाठी गाड्यांची रांग लागलेली असते. शाळांच्या सहली १६ नोव्हेंबरच्या आसपास ठेवल्या तर रस्ता कोरडा आणि मोकळा मिळेल.

सगळ्यात महत्त्वाचा तो मजकूर. अशा फलकांवर ‘शूर’, ‘अमर’, ‘अजरामर’ यांची दाटी असते आणि घटना मात्र एका ओळीतही नसते. त्यात ‘नाईक’ हे आडनाव समजले जाते. ते पद आहे, दंडावर दोन फितींचे. व्हिक्टोरिया क्रॉसला परमवीर चक्र म्हटले जाते, पण परमवीर चक्राची स्थापनाच २६ जानेवारी १९५० ची. घाडगे यांची पलटण ‘३/५ मराठा’, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटची तिसरी बटालियन. हीच बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, म्हणून आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शोधणाऱ्याची गफलत होते. दुसरा घोळ नामदेव जाधव यांच्याशी होतो. तेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, जन्म १९२१ चाच, व्हिक्टोरिया क्रॉसही इटलीतलाच. पण ते पहिल्या बटालियनचे, लढाई ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीकाठची, आणि ते जिवंत परतले.

फलकावर हे लिहावे :

‘१० जुलै १९४४. शत्रूच्या मशीनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात नाईक घाडगे यांच्या सेक्शनमधील (छोट्या तुकडीतील) ते सोडून सर्व जण ठार किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर चालून गेले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला. दुसऱ्याला टॉमीगनने (हातातल्या स्वयंचलित बंदुकीने) टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीची नळी हातात धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले.’

याला विशेषण लागत नाही.

फ्लेक्स नको. कोकणातल्या एका पावसाळ्यात तो फाटतो, उन्हाळ्यात लाल शाई आधी उडते. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, दगडच सच्छिद्र. संगमरवरावर शेवाळ चढते आणि उथळ अक्षरे बुजतात. काळ्या पाषाणावर तीन-चार मिलिमीटर खोल कोरावे, अक्षर किमान अडीच सेंटिमीटर उंचीचे असावे. पाटी थोडी तिरकी बसवावी, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि जमिनीपासून दीड-दोन फूट वर, म्हणजे चिखल उडणार नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, साध्या लोखंडाच्या गंजाचे ओघळ दगडावरून निघत नाहीत. क्यूआर कोड लावायचा तर जरूर लावा, पण मूळ मजकूर दगडावरच हवा, कारण संकेतस्थळ दोन-तीन वर्षांत बदलते आणि दुवा मरतो.

पुतळ्यांच्या बाबतीत एक वाईट खोड आहे : समारंभाआधी ऑइल पेंटचा हात मारायचा. थरावर थर चढले की फिती, बिल्ला, चेहऱ्याच्या रेषा सगळे भरून जाते. ब्राँझ असेल तर सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि वर्षातून एकदा मेणाचा लेप पुरतो. हे काम करणाऱ्याचे पद आणि महिना आदेशात लिहिलेला असावा, नाहीतर ठेकेदार रंगाचाच डबा घेऊन येईल.

मजकूर कोरण्यापूर्वी त्याचा मसुदा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरकडे व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे तपासायला पाठवावा. पुतळा महसूल खात्याच्या आवारात, रस्ता बांधकाम किंवा महामार्ग खात्याचा, फाटा ग्रामपंचायतीचा, म्हणून फाइल चारी बाजूंना फिरत राहील. समन्वयासाठी एका उपविभागीय अधिकाऱ्याचे नाव आदेशातच घालावे. पाऊस संपल्यावर काम सुरू केले तर पुढच्या जूनच्या आत पाटी बसू शकते.

आपले,
युद्धस्मारकांचे काही अभ्यासक