शेळ्यांमागच्या हातांचे आभार

एकल बायांच्या दावणीला दोन-दोन उस्मानाबादी शेळ्या उभ्या राहिल्या, त्यामागे मोहोळ-मंगळवेढ्याकडची कितीतरी माणसं आहेत. नावं नकोत म्हणालात, म्हणून नुसते आभार.

मे महिन्यातच आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन जनावर मरतं त्या रोगाची, लस टोचून गेलात. पहिल्या पावसाचं कोवळं गवत शेळी अधाशासारखी खाते आणि धडधाकट जनावर रात्रीत दगावतं. म्हणून आधी कडबा, मग चराई, हे तुम्ही दारोदार सांगितलंत.

पशुसखींचे, म्हणजे गावात जनावरांची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या बायांचे, उपकार तर मोठेच. नव्या करडाची नाळ दोन इंच ठेवून दोऱ्यानं बांधायची, नव्या ब्लेडनं कापायची, टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायचं. आणि चीक, म्हणजे शेळीचं पहिलं दूध, अर्ध्या तासात पाजायचा! शेळीची वार (जार) पडायची वाट बघत चीक लांबवला की करडू अशक्त होऊन जातं, हे कितीजणींना कुणी सांगितलंच नव्हतं.

ताणकाटा उसना देणाऱ्या दादांचे विशेष आभार. बोकड अंदाजानं विकला की भाव व्यापाऱ्याचा. काट्याला टांगला की किलोचा हिशेब बाईच्या हातात.

तुरीचं भुसकट राखून ठेवणाऱ्या शेतकरी भावांनो, तुम्हालाही मनापासून धन्यवाद. यंदाही दोन पोती बाजूला ठेवा.