वीस गुंठ्यांचे हरितगृह: माती की कोकोपीट?

कोल्हापूर

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

शिरोळच्या शेतावर वीस गुंठ्यांचे हरितगृह उभारायचे तू ठरवलेस, त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पीक मातीत घ्यावे की मातीविना, यासाठी तू पाठवलेली अंदाजपत्रके मी आणि तुझ्या आईने बारकाईने वाचली. माझे मत आधीच सांगतो. पावसाचे पाणी साठवणारे शेततळे आधी होणार असेल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या पिशव्यांत रंगीत ढोबळी मिरची घ्यावी. ते यंदा होणार नसेल तर मातीचे गादीवाफे करावेत. आणि पीव्हीसीच्या नळ्यांतून पाणी खेळवून लेट्यूस घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

मातीत पीक घेतले की खर्च वाचतो, असे तुझे काका म्हणतात. ते आपल्या वावराला लागू पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उसाला पाट भरून पाणी दिल्यामुळे शिरोळ तालुक्यातली बरीच काळी जमीन क्षारपड झाली, त्यात आपले खालचे वावरही आहे. चैत्रात तिथल्या वरंब्यांवर पांढरी पोपडी धरते आणि चालताना ती पायाखाली कुरकुरते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. अशा जमिनीत हरितगृह बांधले तरी वाफ्यांसाठी तांबडी माती पन्हाळ्याच्या बाजूने ट्रकने आणावी लागेल. मीटरभर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच वाफे, मध्ये अर्ध्या मीटरची वाट, असा हिशेब धरला तर शेणखत आणि भाताचे तूस मिसळूनही सुमारे दीडशे ब्रास माती लागते. म्हणजे माती विकत आणायची की कोकोपीट विकत आणायचे, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्यात आपल्या जमिनीचा काही वाटा नाही.

तांबड्या मातीचे गुण मी कमी लेखत नाही. खताचे प्रमाण थोडे चुकले तरी ती सांभाळून घेते, एक दिवस वीज गेली तरी झाड उभे राहते आणि आपल्याकडच्या गड्यांना तिची सवय आहे. तिची खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या हंगामात सुरू होते. एकाच छपराखाली बारा महिने ढोबळी मिरची किंवा काकडी घेतली की सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, वाढतात. हातकणंगले भागातल्या एका शेतावर मी स्वतः मिरचीचे झाड उपटून पाहिले आहे. वरून पाने नुसती पिवळट दिसत होती, पण बारीक मुळ्या कुठे राहिल्याच नव्हत्या, सगळ्या मुळांना जोंधळ्याएवढ्या गाठी आल्या होत्या. निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी यांनी रोग आटोक्यात राहतो, आणि एप्रिल-मेमध्ये वाफे भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवले तर आणखी उतरतो. परंतु तेवढे दिवस हरितगृह रिकामे ठेवावे लागते आणि तो तोटा तुझ्या अंदाजपत्रकात कुठेच धरलेला नाही.

आता पाण्याचे, कारण माझ्या मते सगळा निर्णय त्यावरच टेकला आहे. मातीविना शेतीत झाडाला जे मिळते ते सारे पाण्यातून मिळते, म्हणून पाण्यात जे नको आहे तेही थेट मुळाशी पोहोचते. आपल्या बोअरचे पाणी मचूळ आहे. बायकार्बोनेटमुळे वाढलेला सामू (पीएच) ॲसिड घालून साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणता येतो, पण ॲसिडने सोडियम कमी होत नाही. तेच पाणी फिरवून फिरवून वापरले तर झाड पाणी उचलते, सोडियम मागे राहते आणि दर आठवड्याला साचत जाते. यावर स्वस्त आणि भरवशाचा उपाय आपल्या छपरावरच पडतो. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरीही वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पाचशे मिलिमीटर धरले तरी दहा लाख लिटर होतात. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी आणि बाष्पीभवन वजा करून आठ लाख उरले, तर मिरचीला रोज पाच हजार लिटर देऊन ते पाच महिन्यांहून अधिक पुरते. पुढचे महिने त्यात मोजून बोअरचे पाणी मिसळता येईल. शेततळ्याला मी एवढा आग्रह का धरतो, ते यावरून तुझ्या ध्यानात येईल.

नळ्यांतल्या लेट्यूसला मी नको म्हणतो, त्याला कारणे आहेत. त्या पद्धतीत मुळांखालून पाण्याचा पातळसा पदर वाहत असतो. एप्रिलच्या दुपारी पंप बंद पडला तर तास-दोन तासांत रोपे माना टाकतात, आणि शेतीपंपाच्या विजेच्या वेळा तुला माहीत आहेत. शिवाय २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. गरम पाण्यात मूळकुज वेगाने पसरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. माल बाहेर पाठवता येत नाही अशा वेळी ढोबळी मिरची झाडावर थोडी थांबते, लेट्यूस थांबत नाही.

मातीविना शेतीत उत्पादन कितीतरी पटींनी वाढते, असे विक्रेत्याने तुला सांगितले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॉगलंड आणि अर्नन यांनी १९३८ साली याच दाव्याची तपासणी केली होती. सारखी निगा राखली तर चांगल्या मातीतील आणि द्रावणातील उत्पादनात मोठा फरक पडत नाही, असे त्यांना दिसले. हरितगृहाची तुलना उघड्या वावराशी केली की आकडे फुगतात. आपण ती हरितगृहातल्या वाफ्याशी करावी. कोकोपीट घ्यायचे ते क्षार आणि सूत्रकृमी टाळण्यासाठी.

कोकोपीट आले की ते धुऊन, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून मगच भर. ते पोटॅश आणि सोडियम सोडते आणि कॅल्शियम धरून ठेवते. हे केले नाही तर ढोबळीचे बूड काळे पडते. कॅल्शियम नायट्रेटची टाकी सल्फेट-फॉस्फेटच्या टाकीपासून वेगळी ठेव, कारण दाट द्रावणे एकत्र आली की साका बसून ठिबक तुंबते. रोज सकाळी आत जाणाऱ्या आणि पिशवीतून निथळणाऱ्या पाण्याची ईसी, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, वहीत लिहायची. निथळलेले पाणी वरच्या रानातल्या उसाला द्यावे, खालच्या क्षारपड वावरात त्याचा थेंबही जाऊ देऊ नये.

बोअरचे आणि नदीच्या उपसा योजनेचे, असे दोन्ही पाण्यांचे नमुने मी या आठवड्यात प्रयोगशाळेत देतो. सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि ईसी, एवढे आकडे मागून घेईन. तू शेततळ्याच्या अस्तराचे आणि छपराच्या पन्हळांचे दर लेखी मागव. मृगापूर्वी खोदाई उरकली नाही, तर यंदा तांबडी माती.

आईचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा