होस्ट फॅमिली नको म्हणण्याआधी जरा ऐका

मा. संपादक,
स. न.

परदेशी भाषा शिकायला बाहेर जाणाऱ्या मुलांवर तुमच्या पुरवणीत लेख आला तो वाचला. छान होता, पण त्यात फी आली, व्हिसा आला, नोकऱ्या आल्या आणि मुलं राहणार कुठं हे मात्र 'राहण्याची सोय संस्था करते' एवढ्या एका ओळीत उरकलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की भाषा शिकायला जाणाऱ्याचा निम्मा कोर्स राहण्यातच असतो. मी सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली, स्पॅनिश शिकायला स्पेनमध्ये सालामांकाला जाऊन आले आणि तिथं एका घरात राहिले, त्यामुळं ओळखीतलं कोणी ना कोणी आईला फोन करत असतं की आमच्या पोरीला पाठवू का, आणि लगेच पुढचा प्रश्न, जेवणाचं काय. मग तिकडं घरातले सगळे बसून ठरवतात की होस्ट फॅमिली बिमिली, म्हणजे पैसे भरून तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहणं-जेवणं, ते नको, आपल्याकडची चार पोरं बघून फ्लॅट घेऊ, बॅगेत कुकर आणि कांदा-लसूण चटणी भरून देऊ, झालं. आणि मग ती पोरं तिकडं संध्याकाळभर मराठीत गप्पा मारतात. तेवढ्यासाठी युरो कशाला मोजायचे, इथं सांगलीत पुष्पराज चौकात बसून पण होतं ते.

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, युरोपातल्या सगळ्यात जुन्या विद्यापीठांपैकी एक, आणि आता त्या गावात जगभरची पोरं स्पॅनिश शिकायला येतात, अमेरिकन, जपानी, चिनी, जर्मन. ऐकायला भारी वाटतं पण त्याचा तोटा असा की वर्ग सुटला की सगळे इंग्रजीवर येतात, कारण सगळ्यांचंच स्पॅनिश मोडकंतोडकं. वर्गातली बाई तुम्हाला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलते. घरातली आजी तसलं काही करत नाही. तिकडं दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला, समोर टीव्हीवर बातम्या चालू, आणि जेवण झालं तरी कोणी ताटावरनं उठत नाही, सगळे एकाच वेळी बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. पहिल्यांदा डोकं भणभणतं खरं, पण महागाई, शेजारीण, मुलाची नोकरी, कोपऱ्यावरच्या दुकानातले भाव हे सगळं त्या टेबलावर कानावर पडतं आणि भूतकाळाचे ते जे दोन-तीन प्रकार पुस्तकात डोक्यात शिरत नव्हते ते आपोआप शिरायला लागतात.

एक गोष्ट मला आपल्याकडच्या क्लासमध्ये कोणी सांगितली नव्हती. आपण स्पॅनिश शिकतो इंग्रजीतनं, त्यामुळं 'मे गुस्ता' अवघड वाटतं, पण ते सरळ आपलं 'मला आवडतं' आहे, तीच रचना. वस्तूंना लिंग असतं हे पण मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि त, द, ठणठणीत र हे तर आपल्या तोंडात तयारच आहेत, अमेरिकन पोरांना त्यासाठी घाम फुटतो. मला अवघड गेलं ते वेगळंच, आजीच्या वयाच्या बाईला 'तू' म्हणायला. ती दोनदा रागावली की मला एवढी म्हातारी करू नकोस म्हणून, मग जमलं.

आता जेवण, कारण त्यावरनंच सगळं अडतं. शाकाहारी असाल तर अडचण आहे, नाही असं मी म्हणणार नाही. नुसतं 'मांस खात नाही' सांगितलं की ताटात हॅम म्हणजे डुकराचं मांस नाहीतर ट्यूना मासा येऊ शकतो, कारण तिकडं बऱ्याच जणांच्या लेखी ते मांसात येतच नाही. म्हणून मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, अशी तिन्ही नावं घेऊन सांगायचं, 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन', आणि हे जायच्या आधी फॉर्मवर पण लिहायचं. लेंतेहास म्हणजे आपल्या मसुराच्या जवळचं पातळ कालवण, ते घरोघरी होतं, फक्त त्यात चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज टाकायची पद्धत, ते घालू नका म्हटलं की झालं. हरभरे असतात, पालक घालून पण करतात, उन्हाळ्यात गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं गार सार, आणि तोर्तिया, जी मेक्सिकोतली मक्याची पोळी नव्हे, बटाट्याचं जाड ऑम्लेट. अंडं चालत असेल तर उपाशी कोणी राहत नाही. तिखट मात्र विसरा, चटणीची पुडी न्या खुशाल, फक्त पहिल्याच दिवशी घरच्या बाईसमोर तिनं केलेल्या भाजीवर भुरभुरवू नका, बाईमाणसाला काय वाटतं ते आपल्याला माहितीय.

पण उगाच गोड चित्र पण नको. हे पैसे घेऊन ठेवणं आहे, पाहुणचार नाही. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडलेली असतात, खोली रिकामी, मग त्या बायका विद्यार्थी ठेवतात आणि त्यावर घराला हातभार लावतात, यात वाईट काय, आपल्याकडं पण पेइंग गेस्ट ठेवतातच की. त्यामुळं नियम असतात. बऱ्याच घरात स्वयंपाकघर तुमचं नाही, मशीन ठरल्या दिवशी लागणार, घरात अनवाणी फिरलेलं खपत नाही, सपाता पाहिजेत. सालामांका साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि हीटिंग महाग, त्यामुळं अर्धा तास गरम पाण्याखाली उभं राहिलात तर बाहेरनं दार वाजणार. काही घरं तर खरंच नुसती लॉज झालेली असतात, तीन-चार पोरं ठेवायची, ताट वाढायचं आणि बाईंनी आत निघून जायचं. तसं घर मिळालं तर बदलून मागायचं, भिडेखातर बसून राहायचं नाही.

म्हणून आधी संस्थेला विचारायचं ते हे की त्या घरात आणखी किती विद्यार्थी असतील आणि त्यातलं कोणी आपल्याच भाषेचं आहे का, आणि घरातले आमच्याबरोबर जेवतात का. शहर पण बघून घ्या. बार्सिलोना नाव मोठं, पण तिथं कित्येक घरात आपापसात कातालान बोलतात, ती वेगळी भाषा आहे. दक्षिणेला सेव्हिया, कादिसकडं शब्दाच्या शेवटचा स गिळतात, नवशिक्याला ते म्हणजे पुण्याची पुस्तकी मराठी शिकून आलेल्याला एकदम जतच्या बाजारात सोडल्यासारखं. चूक काही नाही त्यात, फक्त माहिती असावं. मध्य अमेरिकेत ग्वातेमाला देश आहे, तिथल्या आंतिग्वा गावात पण खूप शाळा आहेत, एका शिक्षकाला एकच विद्यार्थी आणि राहायला घर, ही तिथली पद्धतच आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या थोड्या दिवसांच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याहून मोठ्या कोर्सला स्टुडंट व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि खासगी शाळा शेवटी जे सर्टिफिकेट देते ते म्हणजे देले, स्पॅनिशचं अधिकृत प्रमाणपत्र, नव्हे. देलेची परीक्षा इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेन सरकारची संस्था घेते, त्यांचं केंद्र दिल्लीत आहे, अगदी सुरुवातीच्या ए१ पासून सगळ्यात वरच्या सी२ पर्यंत पातळ्या, एकदा पास झालात की मुदत नाही. सिएले म्हणून दुसरी आहे, कॉम्प्युटरवरची, ती ५ वर्षं चालते. आमच्या ओळखीतल्या एकांना एजंटनं शाळेचंच सर्टिफिकेट 'इंटरनॅशनल डिप्लोमा' म्हणून सांगितलं होतं. निदान ए२ पर्यंत इथंच शिकून जा, नाहीतर त्या जेवणाच्या टेबलावर पहिला महिना नुसतं हसत बसावं लागतं.

परक्याच्या घरी राहून-जेवून शिकणं आपल्याला काय नवीन आहे का. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कितीतरी जण वार लावून जेवले, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग काढलं तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, त्या काळात, आणि आज आपण पोरीला दुसऱ्याच्या टेबलावर बसवायला घाबरतोय. पोरगी एकटी, परकं घर, ही आईची भीती मला कळते, माझ्या आईला पण होती. पण मुली ठेवायच्या घरात कोण कोण राहतं, खोलीला आतनं कडी आहे का, रात्री अडचण आली तर संस्थेचा कुठला फोन लागतो, हे सगळं आधी विचारता येतं आणि बऱ्या संस्था न कुरकुरता सांगतात.

तुमच्याकडं या एजंटांच्या जाहिराती दर रविवारी येतात, त्यात 'स्टे इन्क्लुडेड' एवढंच लिहिलेलं असतं. ते घर आहे का हॉस्टेल, जेवण दोन वेळचं का एक वेळचं, एका खोलीत किती जण, एवढं तरी जाहिरातीत छापायला लावा की त्यांना.

आपली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली